माचीवरचं उजवीकडचं घर

माचीवर पोचलं की वाट फुटते. तिथं डावीकडे वळायचं होतं, मी उजवीकडे वळलो. चूक म्हणाल तर एवढीच. माणसं आयुष्यात याहून मोठाल्या चुका करतात आणि त्यांना कुणी विचारतही नाही. मी मात्र त्या एका वळणापायी दुसऱ्याचे दोन कोंबडे खाल्ले, एका घराची अब्रू टांगणीला लावली आणि एका परक्या मुलाच्या पाठीवर बसून अर्धा डोंगर चढलो.

नव्वद साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. मी पनवेलच्या एका कचेरीत कारकून होतो. आमच्या कचेरीच्या फाटकाशी प्रबळगडाच्या माचीवरचा एक ठाकर हंगामाप्रमाणे काही ना काही घेऊन बसायचा. कधी करवंदं, कधी शेवळं, कधी कसली तरी कंदमुळं. मला तो भाऊसाहेब म्हणायचा, त्यामुळे मला तो आवडायचा. त्या काळात मुंबईची कॉलेजची पोरं पाठीला पिशव्या लावून गडावर जायला लागली होती. उतरताना भुकेली व्हायची आणि याच्या दारात बसायची. हा त्यांना जेवू घालायचा, पडवीत झोपायला जागा द्यायचा. असं करत करत त्याच्या घरी जेवायची-राहायची सोय सुरू झाली. पाटी नाही, फोन नाही. दोन दिवस आधी आमच्या फाटकाशी येऊन सांगायचं, किती माणसं, काय खाणार. तो ते डोक्यात घेऊन डोंगर चढायचा.

आता यात मी कुठून आलो? तर आमचे साडू. ठाण्याला एका बँकेत अधिकारी होते. एकदा हिमालयात जाऊन आले होते आणि तेव्हापासून पूर्णपणे परत असे आलेच नव्हते. एका रविवारी आमच्याकडे जेवायला आले असताना म्हणाले, "पनवेलला राहून तुम्ही प्रबळगडावर कधी गेला नाहीत? कमाल आहे."

"मी?" मी म्हणालो. "माझं तिथं घरच्यासारखं जाणं-येणं आहे."

बायको मटार सोलत बसली होती. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मटार सोलायला लागली. माझ्या थापांना ती लगेच हात लावत नाही. मुरू देते.

झालं. पुढच्याच रविवारी जायचं ठरलं. साडू, मेहुणी, आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं. मी फाटकाशी जाऊन ठाकराला सांगितलं, "सहा माणसं. दुपारचं जेवण, रात्रीचा मुक्काम. पिठलं-भाकरी आणि ठेचा कर. साधंच कर. शहरातल्या माणसाला साधंच लागतं."

"व्हय भाऊसाहेब. माचीवर आलात का वाट फुटते. डावीकडं आमचं घर. आंब्याखाली."

हे मी ऐकलं. म्हणजे ज्या गोष्टी लिहून घ्यायची गरज नाही असं आपल्याला वाटतं, त्या आपण जशा ऐकतो तसं ऐकलं.

जानेवारी होता. गवत वाळून पिवळं पडलेलं. साडूंच्या पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि गळ्यात होकायंत्र. माझ्या पायात कचेरीतले बूट, आणि पोट माझ्या दोन पावलं पुढं. घरच्यासारखं जाणं-येणं असलेला माणूस दर वीस पावलांवर थांबून दृश्य का बघतो, असं आमच्या मुलीनं विचारलंसुद्धा. मी म्हणालो, "डोंगराचा मान असतो." बायको मागून म्हणाली, "मान ठेवा, पण चाला."

माचीवर वाट फुटली आणि माझ्या डोक्यात डावं-उजवं काही उरलं नाही. आंबा तेवढा आठवत होता. आंबे दोन्हीकडे होते. साडूंनी होकायंत्र तळहातावर ठेवून विचारलं, "घर कुठल्या दिशेला आहे?" ते मला माहीत असतं तर होकायंत्र कशाला लागलं असतं, पण तसं बोलता येत नव्हतं. उजवीकडचं घर नुकतंच सारवलेलं होतं. अंगणात तांदळाच्या पिठाची रांगोळी, ओट्यावर कोरी घोंगडी अंथरलेली.

"हे काय, हेच," मी म्हणालो. "बघा, आपण येणार म्हणून कशी तयारी करून ठेवलीय."

ओट्यावर एक म्हातारा बसला होता. आम्हाला बघून तो जरा गडबडला, पण उठून उभा राहिला. "या. बसा." आम्ही बसलो. मी तर घोंगडीवर पाय लांब करून, उशाला साडूंची पिशवी घेऊन जवळजवळ आडवाच झालो. एक विशीच्या आतली मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हाताऱ्यानं आम्हाला कोण, कुठले, काहीच विचारलं नाही. मला वाटलं, फाटकावरच्याचा बाप असणार. मी मोठ्या ओळखीच्या सुरात विचारलं, "काय बाबा, जेवण तयार ना?"

म्हाताऱ्यानं एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "हाय की."

आत काहीतरी कुजबुज झाली. भांडं आपटल्याचा आवाज आला. मग पत्रावळी आल्या आणि त्यांवर तांदळाच्या भाकऱ्या, भात, आणि गावठी कोंबड्याचा लालभडक रस्सा.

साडू माझ्याकडे बघायला लागले. "पिठलं म्हणाला होतात ना?"

मला पिठलंच सांगितल्याचं आठवत होतं. पण संधी अशी वारंवार येत नाही. "माझी ओळख आहे इथे," मी हळूच म्हणालो. "मी येतोय म्हटल्यावर हे लोक पिठल्यावर कसे भागवतील?"

जेवण असं होतं की अजून कुणी गावठी कोंबड्याचा विषय काढला की मी गप्प होतो. आम्ही जेवलो. पुन्हा घेतलं. साडूंनी कांदा मागितला. मी त्या मुलीला सांगितलं, "बाळ, भाकरी जरा गरम आण." रश्शात मीठ किंचित कमी आहे, पण चालेल, असंही म्हणालो. माझ्या हातून झालेल्या सगळ्या गोष्टींमध्ये हे वाक्य मला सर्वांत जास्त छळतं.

"त्या बाईचं काहीतरी बिनसलंय," बायको माझ्या कानाशी म्हणाली. दाराच्या आड त्या पाणी आणणाऱ्या मुलीची आई उभी होती आणि पदरानं डोळे टिपत होती.

"चुलीचा धूर," मी म्हणालो. जेवणानंतर उठून म्हाताऱ्याला म्हणालो, "चला, झोपायची जागा बघून घेऊ." आणि सरळ घरात शिरलो. एका दोरीवर घडी न मोडलेलं हिरवं लुगडं टांगलेलं होतं. मी सगळीकडे नजर फिरवून म्हणालो, "छान ठेवलंय. स्वच्छ आहे." म्हातारा माझ्यामागून हात जोडल्यासारखे करून फिरत होता.

बाहेर आलो तर अंगणात आमचा फाटकावरचा ठाकर उभा. धापा टाकत.

"भाऊसाहेब, तुमी हितं? तिकडं माझ्या भाकऱ्या थंड झाल्या. मी दोनदा खालपर्यंत बघून आलो."

"म्हणजे? हे तुझं घर नाही?"

"माझं डावीकडं. सांगितलं व्हतं ना?" त्यानं उष्ट्या पत्रावळींकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. "काका, यांनी जेवान केलं हितं?"

"केलं," म्हातारा म्हणाला.

"कोंबड्याचं?"

"व्हय."

ठाकर मटकन ओट्याच्या कडेला बसला. मग कळलं ते असं. त्या दिवशी दुपारी त्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. आपटा गावाच्या बाजूच्या एका वाडीतले, सात जण. गेल्या वर्षी आलेले पाहुणे पाहुणचारात कमी पडलं म्हणून पान न संपवता उठून गेले होते आणि त्याचा बोभाटा आसपासच्या सगळ्या वाड्यांत झाला होता. या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही म्हणून घरातले दोन्ही कोंबडे कापले होते. सारवण, रांगोळी, घोंगडी, हिरवं लुगडं, सगळं त्यासाठी. आणि ते सगळं मी पसंत केलं होतं.

"अहो बाबा," मेहुणी रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुम्ही आम्हाला सांगितलं का नाहीत?"

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "जेवायच्या टायमाला वट्यावर मानूस बसला, त्याला कोन, कुठला, कसं इचारायचं? आदी पानी, मग जेवान. मग नाव. आमच्यात तसंच हाय."

मी नाव सांगायच्या आधीच पान वाढून घेतलं होतं आणि मीठही तपासलं होतं.

आतून मुलीची आई बाहेर आली. आमच्याकडे न बघताच ती ठाकराला म्हणाली, "येतील आता ते. काय वाढू? या साली बी असंच झालं तर पोरीला कोन इचारील?"

सगळ्यांची नजर अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथं एका टोपलीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तीही आमच्याकडे बघत होती.

"तिला हात लावायचा नाय," मुलगी म्हणाली. तिचं त्या दिवशी मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

ठाकरानं मार्ग काढला. त्याच्या घरी आमच्यासाठी केलेलं पिठलं-भाकरी तयार होतं. आणि त्याच्या दोन कोंबड्या होत्या, पण त्या या वेळी वर रानात चरायला गेलेल्या. धरायच्या, कापायच्या, शिजवायच्या. "तास-दीड तास मिळाला पायजे," तो म्हणाला.

साडूंनी ताबडतोब सूत्रं हातात घेतली. होकायंत्र मागे टाकून ते आमच्या दोन्ही मुलांसह कोंबड्या धरायला रानात गेले. बायको आणि मेहुणी पदर खोचून चुलीशी. राहिलो मी. बायकोनं माझ्याकडे बघून सांगितलं, "तुम्ही खाली जा आणि त्या लोकांना थोपवा."

"कसं?"

"बोला. ते तुम्हाला येतं."

मी वाटेनं खाली उतरलो. पंधराएक मिनिटं उतरलो असेन, तोच वळणावर ते दिसले. पाच पुरुष, दोन बायका. मधोमध एक तरणाबांड मुलगा, अंगात नवा पांढरा शर्ट, दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच. त्यांना बघून मला एक शब्द सुचेना. मग जे सुचलं ते केलं. एका दगडावर बसलो आणि घोटा धरून कण्हायला लागलो.

ते थांबले. हे माझ्या योजनेप्रमाणे झालं. इथून पुढं काहीच तसं झालं नाही. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं, म्हणजे मुलाच्या मामानं, माझा पाय मांडीवर घेतला आणि पिरगाळला.

"हितं दुखतं?"

"हो."

"आन् हितं?"

"तिथं तर फारच." आता खरंच दुखत होतं.

"मग खाली नेतो तुमाला. ठाकूरवाडीपतूर."

"नको, नको. वर न्यायला हवं."

"वर कोन हाय?"

"बायको."

यावर त्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामानं मान हलवून मुलाला खूण केली. त्या मुलानं माझ्यापुढं उकिडवं बसून पाठ दिली. "बसा."

मी म्हणालो, थोडं थांबू, विश्रांती घेऊ, पाणी पिऊ. मामा म्हणाला, "पानी वरच पिऊ." मला उचलून त्या मुलाच्या पाठीवर ठेवण्यात आलं. तेव्हा माझं वजन पंच्याऐंशी किलो होतं, कोंबडा वेगळा. आणि तो मुलगा चालायला लागला म्हणजे असा की मी वाटेतली झाडं नीट बघू शकलो नाही. मी "हळू" म्हणालो की तो आणखी भरभर चालायचा, लवकर सुटका व्हावी म्हणून असेल. दीड तास मिळवायला गेलेला मी त्यांना त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षाही लवकर वर घेऊन निघालो होतो.

उशीर होईना, तेव्हा मी निदान बोलायला लागलो. विचारलं, "कुठं निघालात?"

"पोरगी बघाया," तो म्हणाला. थोडा चालला, मग आपणहून बोलला, "मला जमत नाय ते. मागल्या टायमाला गेलो तर हात कुठं ठेवावं तेच कळंना. एक शब्द फुटला नाय. त्या पोरीनं इचारलं, ह्यो मुका हाय का?"

"मग?"

"मग काय. मुक्याला कोन पोरगी दील?"

मला त्याच्या मानेमागचा घाम दिसत होता. तो माझ्या वजनाचा असावा असं मला वाटत होतं, पण तो तसा नव्हता.

अंगणात पोचलो तेव्हा वरच्या उतारावर साडू एका कोंबडीमागं ओणवे धावत होते आणि आमची मुलगी ओरडून त्यांना दिशा सांगत होती. मुलीच्या आईनं आमचं खरकटं नि पावलं पुसायला अंगण नि ओटा सगळं पुन्हा सारवलं होतं. ती मुलगी दारात शेणाचे हात घेऊन उभी. अजून लुगडंसुद्धा बदललेलं नव्हतं. तिला पाहुणा दिसला तो असा, पाठीवर मला घेऊन.

मुलगा अंगणाच्या कडेला थबकला. सगळीकडे ओलं.

"ठेव की खाली," ती म्हणाली. "का घरी नेनार हायस?"

"कुठं ठेवू?" तो म्हणाला. "बसाया जागा कुठं ठेवलीस?"

"त्या दगडावर ठेव. ते पाव्हनं कुठं बी बसतात."

मुलाला हसू आलं. मला ते माझ्या पोटाला जाणवलं. त्याचे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांखाली गुंतलेले होते, त्यामुळे ते कुठं ठेवावेत हा प्रश्न त्या दिवशी त्याला पडलाच नाही. मला दगडावर ठेवलं, तेव्हा मलाच थोडं वाईट वाटलं.

पाहुणे बसले. पाणी झालं. मग ताटात पिठलं आणि भाकरी आली. रस्सा अजून उतारावर धावत होता. मामानं ताटाकडे बघितलं. मुलाच्या बाजूच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. म्हातारा हात जोडून पुढं झाला, "आमचं चुकलं, पाव्हनं, जरा कमी पडलं," असं काहीतरी म्हणायला लागला. दाराआड मुलीच्या आईनं पुन्हा पदर डोळ्यांना लावला. या वेळी धुराचं कारण मला सांगता येईना.

मी ताडकन उठून पुढं गेलो. "त्यांचं काही चुकलं नाही. दोन कोंबडे केले होते तुमच्यासाठी. ते आम्ही खाल्ले. मी घर चुकलो."

सगळ्यांनी माझ्याकडे माना वळवल्या. ते माझ्या बोलण्याकडे नाही, माझ्या पायाकडे बघत होते, हे मला जरा उशिरा कळलं.

"पाय बरा झाला वाटतं," मामा म्हणाला.

आता लपवण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. डावं-उजवं, साडू, थाप, मीठ, पायाचं सोंग. मामा शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग भाकरीचा तुकडा मोडत तो पोराकडे बघून म्हणाला, "म्हंजे आपला कोंबडा ह्यांच्या पोटात, आन् हे तुझ्या पाठीवर. आपलं जेवान तूच वर वाहून आनलंस."

पहिली ती मुलगी हसली. मग बायका. मग म्हातारासुद्धा, पण आधी त्यानं आपल्या बायकोकडे, मुलीच्या आईकडे, बघून घेतलं. मामा पिठलं खायला लागला. दोन घास झाल्यावर म्हणाला, "वट्यावर बसल्याला उपाशी नाय ठेवला, हे घर चांगलंच म्हनायचं. पोटात कोनाच्या गेलं, ते मागनं बघू." साडू घामाघूम होऊन कोंबडी काखेत घेऊन आले, तोवर जेवणं अर्धी झाली होती. तीही शिजली. पाहुणे ती खायला दुपार उलटेपर्यंत थांबले, आणि मुलाकडची माणसं थांबतात म्हणजे काय ते मुलीच्या आईला बरोबर कळलं असावं, कारण तिनं मला रश्शाची वाटी दिली. मी घेतली नाही. बायकोनं घेऊ दिली नाही.

पण जाताना मामानं "होय" म्हटलं नाही. "कळवतो," म्हणाला. त्या रात्री आम्ही ठाकराच्या पडवीत झोपलो. साडू घोरले. मला झोप आली नाही. पुढं तीन आठवडे मी रोज फाटकाशी जाऊन विचारायचो, "काही कळलं?" आणि तो म्हणायचा, "नाय भाऊसाहेब. आजून नाय." मी बाजारातून दोन कोंबडे आणून त्याच्याबरोबर वर पाठवले. त्यांतला एक दोन दिवस आमच्या गॅलरीत होता आणि पहाटे चारला आरवून त्यानं सगळ्या बिल्डिंगला माझी गोष्ट सांगितली. कोंबड्यांनी कोंबडे भरून निघतात. बाकीचं माझ्या हातात नव्हतं. त्या मुलीचं लग्न माझ्या खाण्यामुळे मोडलं असतं तर पुढं मी काय तोंडानं जेवणार होतो, या विचारानं माझी भूक खरोखर कमी झाली होती. बायको रोज माझ्या ताटाकडे बघायची आणि उरलेली भाकरी काढून ठेवायची.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी फाटकाशी पोचायच्या आधीच ठाकर उठून उभा राहिला. "भाऊसाहेब, जमलं. चैतात लगीन. काका म्हनला, त्या पाव्हन्याला पयलं सांग, आन् घरच्या सगळ्यांना घेऊन या म्हनावं."

त्या दिवशी मी कचेरीत न जाता आधी घरी परत आलो. बायको कपडे वाळत घालत होती. तिला सांगितलं, जमलं, लग्नाला बोलावलंय, सगळ्यांना. तिनं हातातली चादर झटकली, दोरीवर नीट टाकली, तिची टोकं जुळवली. मग म्हणाली,

"जाऊ या की. पण तुम्ही शेवटच्या पंगतीला बसायचं. सगळे जेवून उठल्यावर."